मदत हवी आहे : कॅम्परव्हॅन आणि आपले एकेरी रस्ते

नमस्कार मंडळी. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे. आईला अंबाजोगाईची योगेश्वरी, परळी, औंढा नागनाथ दाखवायचंय. कार खूप वर्षं चालवली, पण ही गाडी अजून हातात बसलेली नाही.

मागच्या आठवड्यात गावाकडच्या एकेरी डांबरीवर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मी डावी चाकं साइडपट्टीवर उतरवली. आदल्या रात्री अवकाळी झालेला. वरून सुकलेली काळी माती आतून लोण्यासारखी निघाली, मागचं चाक रुतलं आणि गाडी नालीकडे कलली. आई आतच होती. शेतातल्या माणसांनी ट्रॅक्टर लावून ओढून काढलं, वर चहा पाजला. त्यांचे उपकार विसरणार नाही.

दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेणं अवघड, म्हणजे मागं आपणच जायचं. पण वळणावरून, फक्त आरशांवर, एवढी लांब गाडी मागं कशी घेता? सराव कुठं केलात? पट्टी भार पेलेल की नाही, हे उतरण्याआधी कसं ओळखता? बाभळीच्या फांद्या टपाला लागतात तिथं काय करता? आणि धारूरचा घाट उतरताना कोणता गिअर ठेवता?

मोठी गाडी चालवणाऱ्यांनी जरूर सांगा. आई रोज विचारते, कधी निघायचं.