'अब्लाउट'ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा: भाषाशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'अब्लाउट'पाशी अडलेय. व्यंजनं जागेवर, आतला स्वर तेवढा बदलतो: इंग्रजीत सिंग-सँग-संग, संस्कृतात मृत-मरण-मार. 'अपश्रुती' हा शब्द सापडला, पण संपादक म्हणतात, 'अपकीर्ती'ची बहीण वाटते. 'स्वरक्रम' चालेल?

शेंडीवाला: नवा शब्द हवाच कशाला? गुण-वृद्धी आहे की: इ-चा ए होतो तो गुण, ऐ होतो ती वृद्धी; अ-चा आ हीही वृद्धीच. पाणिनीच्या अष्टाध्यायीची पहिली दोन सूत्रं तीच: वृद्धिरादैच्, अदेङ्गुणः. दिव्-देव-दैव. जर्मन भाषापंडित ग्रिमने 'अब्लाउट' रूढ केला तो थेट १९व्या शतकात.

तिरपागडा: एकच नव्हे हो. पाणिनी 'दिव्'पासून वर चढतो, युरोपातले मधल्या पायरीवरून ('देव'सारख्या गुणरूपावरून) खाली उतरतात. म्हणून वच्-उक्त, स्वप्-सुप्तही त्यांच्या एकाच खात्यात बसतं. आपल्याकडे त्याला वेगळं नाव, 'संप्रसारण' (य-व-र यांचे इ-उ-ऋ होणं). शिवाय ग्रीकमध्ये ए-ओ अशी पालटापालट दिसते (लेइपो 'सोडतो', लेलोइपा 'सोडलं आहे'). संस्कृतात दोन्ही 'अ'मध्ये बुडाले. खूण उरली ती 'चकार'मध्ये ('कृ'चं भूतकाळी रूप, 'केलं'): पहिल्या क-चा च झाला, कारण त्याच्यापुढे एके काळी ए होता.

जुनी वही: आजीला यातलं ओ की ठो कळत नसे, पण "तुटलं की तोडलंस?" एवढ्यात ती चोर पकडायची. संस्कृतातलं त्रुट्यति-त्रोटयति! ट्य-चा ट्ट झाला म्हणून 'तुटणे'त ट टिकला, एकट्या ट-चा 'तोडणे'त ड झाला. फुटणे-फोडणे तसंच. गुण अजून जिवंत आहे.

शेंडीवाला: जिवंत? लोक सर्रास 'व्यवसायिक' लिहितात. वृद्धी कुठे गेली? व्यावसायिक!

तिरपागडा: काटेकोर जायचं तर 'वैयवसायिक' म्हणा. पाणिनीचं सूत्र ७.३.३ लावा (इथे नेहमीची वृद्धी न होता य-च्या आधी 'ऐ' येतो), व्याकरणाचं वैयाकरण होतं तसं. 'व्यावहारिक' सुटतो, कारण 'व्यवहार' स्वागतादी गणात, म्हणजे त्या सूत्राच्या अपवादांच्या यादीत आहे (७.३.७). 'व्यवसाय' त्यात नाही. तुमचं शुद्ध रूप शेजाऱ्याचं बघून आलंय.

शेंडीवाला: ते रूढीने शुद्ध ठरलं.

जुनी वही: मग 'व्यवसायिक'नेच काय घोडं मारलंय?

कानामात्रा: मंडळी, अपश्रुती की स्वरक्रम? लेख उद्या द्यायचाय.

शेंडीवाला: थांबा हो जरा. तिरपागडा, 'ऐतिहासिक'ला तरी हरकत नाही ना तुमची?