मदत हवी आहे : एमजीबीचा किंगपिन, एक वॉशर सैल आणि दुसरा घट्ट

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात स्विंडनला राहतो. माझी १९७१ ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, इथून जवळच ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. चाळीस वर्षांवरच्या गाडीला आता एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, तरी मी दरवर्षी करून घेतो. यंदा डावं चाक वर-खाली धरून हलवलं तर टकटक. मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, तरी तसाच प्ले (ढिलेपणा). म्हणजे बेअरिंग नाही (त्याचा प्ले ब्रेक दाबल्यावर जातो), किंगपिनच गेला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो उभा दांडा.

खोलायला घेतलं. स्प्रिंगच्या ताटाखाली जॅक लावून दाब हळूहळू सोडला, तिथवर ठीक. पण किंगपिनच्या खालच्या टोकातून जाणारा आडवा बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. पेटवून तापवला, तेल पाजलं, घण घातला, ढिम्म. शेवटी दोन संध्याकाळी करवतीने दोन्हीकडून कापला. खालच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) तिथवर ग्रीस वर्षानुवर्षं पोचलंच नसणार, नळीत नुसता तांबडा भुगा होता.

आता नवा किंगपिन आणि नवे बुश (किंगपिनभोवती बसणाऱ्या नळ्या) आहेत. बुश बसवून रीमर मारण्याचं (आतलं भोक मापात आणण्याचं) काम बाहेरून करून घेतलं. वरचा नट सैल असताना स्टब ॲक्सल (किंगपिनवर फिरणारा, चाक धरणारा आखूड ॲक्सल) एका बोटाने फिरतो, दोन्ही टोकांपर्यंत. अडचण नट आवळल्यावर येते. वरच्या ट्रनियनखालचा (किंगपिनच्या वरच्या टोकाच्या जोडाखालचा) वॉशर १.४० मिमीचा घातला तर वर-खाली ०.१२ मिमी प्ले राहतो. १.५५ चा घातला तर ॲक्सल जागीच आवळतो, दोन्ही हातांनी ओढावा लागतो. मधल्या मापाचा मला मिळालेला नाही. घट्ट आहे तो गाडी चालवून बसेल का, की सैलच चालवू? स्टिअरिंगचा प्रश्न आहे, अंदाजाने काही करायचं नाही.

दुसरं, खालच्या विशबोनला (चाकाकडचा भाग गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हाताला) आतून कोणते बुश घालू? पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) की एमजीबीच्याच व्ही८ मॉडेलचे रबरी?

प्रतिसाद १

घट्ट तर अजिबात चालवू नका. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येणार नाही. सैल ठेवलात तर पुन्हा टकटक.

तुमच्याच आकड्यांवरून जाड वॉशर ०.०३ ने जास्त आहे. तो ०.०५ घासा, म्हणजे ०.०२ प्ले उरेल. जाड काचेवर बारीक वॉटर पेपर, थोडं पाणी, वॉशर बोटांनी सपाट दाबून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. दर थोड्या वेळाने पुसून चार जागी मायक्रोमीटरने मोजा. एक बाजू जास्त गेली तर तो फेकून द्या. जुळवताना प्रत्येक वेळी नट पूर्ण आवळूनच तपासा.

बुश व्ही८ चेच घाला, रस्त्यावरच्या गाडीला ते पुरेसे आहेत. पण त्यांचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळलेत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि पुढे ग्रीस भरताना उलट, चाक उचलूनच भरा, तेव्हाच ते सगळीकडे शिरतं.

धागाकर्ता

खूप आभार. वॉशर १.५० वर आणला. नट आवळूनही आता एका हाताने फिरतो, जराही अडकत नाही. उद्या स्प्रिंग चढवतो, मग उजवी बाजू. तिथला आडवा बोल्ट आज रात्रीपासूनच तेलात भिजत ठेवलाय.