चौघींनी मिळून भाड्याचे घर घेताना करार एकीच्याच नावावर करावा का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून गेली दोन वर्षे विक्रोळी येथे नोकरी करीत आहे. सध्या बदलापूरला मावशीकडे राहते. मावशीने आजवर एका शब्दानेही काही म्हटलेले नाही, पण तिच्या दोन खोल्यांच्या घरात पाचवे माणूस म्हणून किती काळ राहायचे, हा विचार मनाला लागून राहतो. शिवाय दारापासून दारापर्यंत जाण्यायेण्यात रोज साडेतीन तास जातात आणि पावसाळ्यात तर त्याचा काही हिशेबच राहत नाही.

माझ्या हातात महिन्याला ४१,००० रुपये येतात. भांडुप-कांजूरमार्ग परिसरात एकटीने वन बीएचके घ्यायचे म्हटले, तर मला २८,००० रुपयांच्या खाली कोणी जागा दाखवली नाही. पेइंग गेस्ट म्हणून जी जागा पाहिली, तिथे एका खोलीत तीन खाटा होत्या, स्वयंपाकाला मनाई होती आणि तरीही दर १३,००० रुपये होता. म्हणून आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून भांडुपला एक टू बीएचके पाहिले आहे. भाडे ४२,००० रुपये, अनामत दीड लाख रुपये आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. म्हणजे प्रत्येकीला महिना १०,५०० रुपये पडतील, आणि ते झेपण्यासारखे आहे.

अडचण अशी की, सोसायटीत चार अविवाहित मुलींच्या नावाने करार चालणार नाही, तो एकीच्याच नावावर करावा आणि बाकी तिघींना तिच्या बहिणी म्हणून दाखवावे, असे घरमालकांनी दलालामार्फत कळवले आहे. माझी नोकरी कायम स्वरूपाची असल्याने ते नाव माझे असावे, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. मला हे पटत नाही, परंतु घर हातचे जाईल अशी भीतीही वाटते. अशा करारात नेमका धोका कोणाला असतो, नाव असलेलीला की नसलेल्यांना? आणि एखादी मधेच निघून गेली, तर अनामत रकमेचे काय करावे?

माजी सचिव, भांडुप

नमस्कार. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा नऊ वर्षे सचिव होतो आणि या काळात भाड्याने दिलेल्या घरांचे पुष्कळ करार माझ्या हाताखालून गेले. त्या अनुभवावरून सांगतो की करार चौघींच्या नावानेच करावा. नाव एकीचेच असेल, तर बाकीच्या तिघी निघून गेल्या तरी पूर्ण ४२,००० रुपयांची जबाबदारी तिच्या एकटीवर राहते, आणि ज्यांचे नाव नाही त्यांना त्या घरात राहण्याचा स्वतःचा असा कोणताच लेखी आधार उरत नाही. म्हणजे धोका दोन्हीकडे आहे. त्यात खोटे नाते लिहून देणे ही वेगळीच गंभीर बाब आहे, कारण भाडेकरूंची जी माहिती पोलिसांना द्यावी लागते, तिच्यातही तेच खोटे उतरते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी केली नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पण हे संरक्षण त्या व्यवहारात ज्याचे स्थान दाखवता येते, त्याच्याच उपयोगाचे आहे.

नावे वाढली म्हणून खर्च वाढत नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते आणि ते करारकाळातील एकूण भाडे अधिक परतीच्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराचे व्याज, यांच्या बेरजेवर मोजतात. तुमच्या बाबतीत ११ महिन्यांचे भाडे ४,६२,००० रुपये आणि व्याज १३,७५० रुपये, म्हणजे शुल्क साधारण १,२०० रुपये होईल. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. एजंटचा मेहनताना सोडला, तर चौघींत मिळून प्रत्येकीला साडेपाचशे रुपयांच्या आसपास पडतात.

राहिला प्रश्न सोसायटीचा. अनेक संस्थांनी स्वीकारलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आगाऊ सूचना, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत एवढेच द्यावे लागते. सभासद स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था जे बिनभोगवटा शुल्क आकारते, तेही राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे. माझी सूचना अशी की दलालाच्या निरोपावर विसंबू नका. चौघींनी एकत्र जाऊन, कार्यालयाची ओळखपत्रे घेऊन, घरमालकांना आणि सचिवांना समक्ष भेटा. सोसायटीचे म्हणणे म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा सोसायटीपर्यंत पोहोचलेलेच नसते.

चौथा मजला

मी सहा वर्षे अंधेरीत अशाच सामायिक घरात राहिले, तेव्हा माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. करार माझ्या एका मैत्रिणीच्या नावावर होता आणि अनामत रकमेतले ३०,००० रुपये मी तिच्या हातात रोख दिले होते. तिचे लग्न ठरले, तिने घर सोडले, आणि घरमालकांनी रंगकामाचे पैसे कापून उरलेली अनामत तिच्या खात्यात जमा केली. तिच्या मनात काहीही वाईट नव्हते, पण लग्नाच्या खर्चात ते पैसे मिसळून गेले आणि माझा वाटा मला मिळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत दुसऱ्या घराची अनामत भरण्यासाठी मला वडिलांकडे हात पसरावा लागला. त्यांनी नुकताच धाकट्या भावाच्या शिक्षणाचा हप्ता भरला होता. आजही त्या मैत्रिणीशी बोलताना तो विषय आम्हा दोघींच्या मध्ये उभा राहतो. पैसे परत आले, मैत्री पूर्वीसारखी झाली नाही.

म्हणून घरमालकाशी होणाऱ्या कराराइतकाच महत्त्वाचा आणखी एक कागद आहे, तो म्हणजे तुम्हा चौघींचा आपापसातला. अनामतीत कोणी किती भरले, कोणत्या खात्यातून आणि कोणत्या तारखेला, हे त्यात लिहा आणि चौघींनी सह्या करा. रक्कम रोख देऊ नका. जिला निघायचे असेल तिने किमान एक महिना आधी सांगावे. तिच्या जागी येणाऱ्या मुलीने आपला वाटा थेट निघणाऱ्या मुलीला द्यावा, आणि येणारी मुलगी राहिलेल्या तिघींना मान्य असावी. आमच्या पुढच्या घरात आम्ही हे पाळले आणि चार वर्षांत पाच मुली बदलल्या, तरी एकदाही वाद झाला नाही. एक मात्र लक्षात ठेवा की मुलगी बदलली की करारातील नाव आपोआप बदलत नाही. नवा करार करावा लागतो आणि तो खर्च निघणारीने करायचा की येणारीने, हेही आधीच ठरवून ठेवा.

नाव असण्याचा आणखी एक फायदा आहे. पगारात घरभाडे भत्ता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर प्रत्येकीला आपण भरलेल्या हिश्श्यावर सवलत मागता येते. तुमचे वर्षाचे भाडे १,२६,००० रुपये होते, म्हणजे एक लाखाच्या वर, त्यामुळे घरमालकांचा पॅन क्रमांक द्यावा लागेल. करारात नाव आणि खात्यातून थेट भरलेले भाडे असले, की कार्यालयात कोणी दुसरा पुरावा मागत नाही.

घरातल्या व्यवस्थेविषयी थोडेच सांगते. भाडे सारखे वाटू नका. ज्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आहे, तिथल्या दोघींनी थोडे जास्त द्यावे. पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार, सिलिंडर आणि वीजबिल यांसाठी महिन्याच्या पहिल्या तारखेला सामायिक पैसे काढून ठेवावेत. फ्रिज आणि वॉशिंग मशीन मात्र कधीही चौघींत मिळून विकत घेऊ नका. एकीने घ्यावे किंवा भाड्याने आणावे, कारण निघताना फ्रिजचा चौथा हिस्सा कोणालाच देता येत नाही.

गिरगावकर

वरील दोघांनी व्यवहार नीट सांगितला आहे. घरमालक असे का वागतात, याविषयी मला थोडे सांगावेसे वाटते, कारण ते समजले तर त्यांच्याशी बोलणे सोपे जाईल.

या शहरात वाटून राहणे नवे नाही. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीत आले, तेव्हा गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत राहिले. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा वळकटी पसरायचा, आणि जेवण खानावळवाल्या बाईंकडे असायचे. गोव्याहून जहाजावर कामाला जाणाऱ्यांसाठी धोबी तलाव भागात गावोगावचे ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने होती, त्यांपैकी काही जेर महाल या इमारतीत होती. बीडीडी चाळींत तर १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खी कुटुंबे आणि गावाकडून आलेले पाहुणे एकत्र राहिले. पण मंडळाच्या त्या खोलीत वही असायची. कोण कधी आला, कोणी किती भरले, हे त्या वहीत लिहिलेले असायचे, आणि खोली कोणा एकाची नसून गावाची आहे, हे सर्वांना ठाऊक असायचे. ‘चौथा मजला’ यांनी सुचवलेला कागद म्हणजे तीच वही आहे.

घरमालकांची भीती १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यापासून आहे. त्या कायद्याने भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी, म्हणजे मुदतीच्या परवानगीने घर वापरणारे म्हणून राहत होते, त्यांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ज्यांनी मुदतीपुरते घर दिले होते, त्यांचे घर अडकले. तेव्हापासून अनेक कुटुंबांत घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे बरे, अशी समजूत रुजली. भाड्याची घरे बाजारात कमी येण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि आज तुम्हा मुलींना जे भाडे भरावे लागते त्यात या अविश्वासाचाही वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता परिस्थिती वेगळी आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येते आणि त्या काळासाठी दुप्पट रक्कम वसूल करता येते. तेव्हा घरमालकांना हे शांतपणे सांगा की चौघींची नावे असणे त्यांच्याच हिताचे आहे. एका नावापेक्षा चार जणी जबाबदार राहतात आणि घरात खरोखर कोण राहते हे कागदावर येते.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल आम्ही चौघी घरमालक काकांना समक्ष भेटलो. सोसायटीने तशी कोणतीही अट घातलेली नाही, असे त्यांच्या बोलण्यातून निघाले. मागच्या भाडेकरूंच्या वेळी रात्री फार गडबड होत असे, म्हणून दलालाने स्वतःहूनच तसे सुचवले होते. चौघींच्या नावाला ते तयार झाले आहेत. मसुद्यात मात्र सहा महिन्यांचा लॉक-इन आहे. तो मान्य करावा का?

माजी सचिव, भांडुप

चांगली बातमी दिलीत. लॉक-इन मान्य करायला हरकत नाही, पण तो दोन्ही बाजूंना सारखा असावा. सहा महिन्यांत तुम्ही सोडून जायचे नाही, तसेच त्यांनीही घर रिकामे करायला सांगायचे नाही. त्यानंतर दोघांनाही एका महिन्याची नोटीस असावी. केंद्र शासनाच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सुचवली आहे. तो राज्यांवर बंधनकारक नाही, तरी दीड लाख कमी करून घेण्यासाठी बोलून पाहायला काहीच हरकत नाही. अनामत चावी परत देण्याच्या दिवशीच मिळेल आणि काही कापायचे असल्यास त्याचे बिल दाखवले जाईल, हे वाक्य करारात अवश्य घाला. सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, नळांचे आणि विजेच्या मीटरवरील आकड्याचे फोटो काढून त्याच दिवशी काकांना पाठवा. रंगकामाचा वाद नेमका तिथेच मिटतो.