बारावी बांद्याला की म्हापशाला? परराज्यातल्या सरकारी जागांचा हिशेब

तेरेखोलकाठ
दहावीचा निकाल लागला की सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग भागातली बरीच मुलं अकरावीला गोव्यात जातात. कॉलेज जवळ, एसटी किंवा कदंबा (गोव्याची सरकारी बस) मिळते, एवढंच पाहून निर्णय होतो. माझं म्हणणं, हा निर्णय परराज्यातल्या सरकारी कॉलेजांतल्या जागांचा हिशेब मांडून घ्यावा, आणि तो मांडला तर गोवा वाईट नाही.

एनआयटीत (केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं) निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना. 'राज्य' ठरतं ते बारावी पहिल्यांदा जिथून पास झालात त्यावरून. घर कुठं, रेशनकार्ड कुठलं, हे जोसा (आयआयटी-एनआयटीचे प्रवेश करणारी केंद्राची यंत्रणा) विचारतच नाही. म्हणजे म्हापशाला बारावी केलेला बांद्याचा मुलगा एनआयटी गोव्यासाठी गोव्याचा. महाराष्ट्रात बारावी केली तर नागपूरचं व्हीएनआयटी घरचं आणि कर्नाटकातलं सुरतकल, गोवा बाहेरचं. आयआयटीत असा फरकच नाही.

शिवाय सीयूईटी आहे. २०२२ पासून दिल्ली, बनारस, हैदराबाद अशा केंद्रीय विद्यापीठांचे पदवीचे प्रवेश या परीक्षेवर होतात आणि ती मराठीतूनही देता येते. आपल्याकडे घराघरांत चर्चा मुंबई आणि कोल्हापूरच्या पुढं जात नाही. अर्ज तरी करा, एवढीच विनंती.

ओरोस नाका
तुमची एनआयटीची माहिती बरोबर आहे, पण सल्ला धोक्याचा आहे, कारण तुम्ही मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचं नावच घेतलं नाही. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडले तर सूट नाही. बारावी म्हापशाला केली की हा कोटा गेला. गोव्याचा कोटा मिळावा तर तिथं अनेक वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, ते नसतं. तेलही गेलं, तूपही गेलं. उरतो तो देशभराच्या स्पर्धेचा १५ टक्के कोटा. ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, प्रत्येकी १०० जागा. घराजवळच्या त्या जागांवरचा हक्क दोन वर्षांच्या एसटी प्रवासाच्या सोयीसाठी सोडायचा?

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश राज्याच्या कॅप फेरीतून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) झालेला हवा. परराज्यात गेलात की हे संपलं.

लांजा १२
मेडिकलचं मान्य. पण इंजिनिअरिंगला तेच लावू नका, दोन्हीचे नियम वेगळे आहेत. राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे एमएचटी-सीईटीच्या कॅपमध्ये दहावी-बारावी दोन्ही इथली असेल तर 'टाइप ए'. बारावी बाहेरची, पण स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर 'टाइप बी'. म्हणजे गोव्यात बारावी केलेल्याला इथं इंजिनिअरिंगचं दार बंद होत नाही. अधिवासाचा दाखला मात्र अकरावीतच सेतूमधून काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलला सगळा तालुका रांगेत असतो.

वेंगुर्ला बंदर
ता सगळा खरा, पण सातबारो आधी बघा.

केंद्रीय संस्थेत राज्याच्या नमुन्यातला प्रवर्गाचा दाखला चालत नाही. बहुतेक घोळ इथंच होतो. एसईबीसी हा प्रवर्ग फक्त राज्याचा, केंद्रात तो नाही, म्हणून मराठा समाजातली मुलं तिथं खुल्या वर्गात किंवा केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएसमध्ये. आणि केंद्राच्या नमुन्यात उत्पन्नासोबत मालमत्ताही बघतात: शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी हवी, आणि ग्रामीण भागात निवासी भूखंड २०० चौरस यार्डांपेक्षा कमी. ५ एकर म्हणजे सातबारावर साधारण २ हेक्टर २ आर. २०० यार्ड म्हणजे पावणेदोन गुंठ्यांहूनही कमी. कोकणातलं घर, खळं आणि परसू धरलं तर एवढं सहज भरतं. सातबारावर सामाईक खातं, वीस-पंचवीस वारस, कातळ आणि वरकस धरून आकडा फुगलेला. प्रत्यक्षात वाट्याला येतात चार कलमं. म्हणून वडिलांचा हिस्सा किती, हे तलाठ्याकडून आधीच कागदावर आणा.

ओबीसींनी (कुणबी, भंडारी केंद्राच्या यादीत आहेत) नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यात आणि प्रवेशाच्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरच्या तारखेचं काढावं. राज्याचं तीन वर्षांचं दाखवलं तर पडताळणीत अडतं, आणि प्रवर्ग बदलला की मिळालेली जागाही जाते. भटक्या जमाती हा वेगळा प्रवर्गही केंद्रात नाही. जात केंद्राच्या यादीत असेल तर ओबीसीतून अर्ज करायचा.

तेरेखोलकाठ
ओरोस नाका, मेडिकलबद्दल तुमचं म्हणणं स्वीकारतो. ज्याला नीट द्यायची शक्यता जरी वाटते त्यानं बारावी महाराष्ट्रातच करावी. पण फी-माफी इथंच आहे असं नाही. आयआयटी-एनआयटीत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर शिक्षण फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींना ती पूर्ण माफ.

ओरोस नाका
वसतिगृह आणि मेस त्यात नसते. दिल्लीत कॉलेजचं वसतिगृह मिळालं नाही तर खोलीभाडंच शिक्षण फीच्या कितीतरी पट होतं. मुलाला पाठवण्याआधी घरात हा आकडा मांडावा.

दापोली मळा
शेतीकडे जाणाऱ्यांचा कुणी उल्लेख केला नाही. सीयूईटीतून आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) जागांवर दुसऱ्या राज्यातल्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळतो, आणि आपलं राज्य सोडून जाणाऱ्याला राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती दर महिन्याला मिळते. आंबा-काजूच्या घरातल्या मुलानं दापोलीचं विद्यापीठ पहिल्या पसंतीला ठेवावंच, कारण संशोधन आपल्याच पिकांवर आहे. पण हा दुसरा अर्ज सोडू नये.

सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं समजून पुष्कळ मुलं जागा घालवतात. परीक्षा एनटीएची (केंद्राची परीक्षा घेणारी संस्था), प्रवेश विद्यापीठाचा. दिल्लीचं पोर्टल वेगळं, बनारसचं वेगळं, प्रत्येक ठिकाणी वेगळी नोंदणी, फी आणि पसंतीक्रम. विषयही जपून निवडा: दिल्ली विद्यापीठात बारावीला शिकलेल्याच विषयाचा पेपर धरतात. एका पेपरला ५० प्रश्न, बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा.

लांजा १२
एक राहिलं. दुसऱ्या राज्यात प्रवेश घेताना लागणारं मायग्रेशन सर्टिफिकेट कॉलेज देत नाही, विभागीय मंडळ देतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांचं कोकण मंडळ रत्नागिरीत, रायगडवाल्यांचं मुंबई मंडळ वाशीत. निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव आधारशी आणि बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळतं का, तेही त्याच दिवशी बघा. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर असेल तर पोर्टलवर शंका काढतात, आणि दुरुस्तीला शाळेत परत जावं लागतं.