नोंदणीचं साल म्हणजे जन्मसाल नव्हे

"गावातलं वाचनालय 1974 चं, त्याआधी मराठवाड्यात वाचनाची परंपराच नव्हती" असं कुणी म्हणतं ते पटत नाही. 1974 हे नोंदणीचं साल असणार. अनुदानासाठी नोंदणी लागू झाली ती 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं. पुस्तकं त्याआधीही होतीच की, फक्त सरकारदप्तरी नव्हती. निजामाच्या काळात कारभार आणि शिक्षण उर्दूत. मराठी वाचायचं तर वाचनालय, देवळाचा पार अशाच जागा. सभेला परवानगी लागायची, पण मारुतीच्या पारावर चारजण पेपर वाचत बसले तर त्याला सभा कोण म्हणणार!

आमच्या गावच्या (परभणी जिल्हा) वाचनालयाचं जुनं दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, मी स्वतः चाळलंय. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. पहिल्याच पानावर तारीख दिसली 'बहमन 1355'. आधी वाटलं, कुणीतरी आकडा चुकवला. मग शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी सांगितलं, "आरं, ते फसली साल हाय. 590 मिळव." बहमन हा त्यातला डिसेंबरच्या आसपासचा महिना, म्हणजे 1945 चा शेवट! हैदराबाद संस्थानात कागदोपत्री ही फसली कालगणनाच चालायची, वर्ष ऑक्टोबरात बदलायचं. त्यामुळं ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590 आणि पुढच्या महिन्यांसाठी 591 मिळवायचे. तुमच्याकडं कपाटाच्या तळाशी असं रजिस्टर असेल तर 13 नं सुरू होणारे आकडे बघा. आणि रद्दीवाल्याला द्यायच्या आधी निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा. आमच्याकडची दोन रजिस्टरं रंगरंगोटीच्या वेळी गेली ती गेलीच.