देखणा रक्तपिपासू: प्रेमातून जन्मला की जळफळाटातून?

रातकिडा:
एकमेकांवर जळणारे दोन लेखक, त्यात एक पिशाच, वर प्रेमप्रकरण. अशी कादंबरी दिसली की जाणकार नाक मुरडतात. पण देखण्या पिशाचाचा हा प्रकार जन्मलाच तसा!

१८१६चा जून, जिनिव्हाजवळचा व्हिला दिओदाती. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटलेला, त्यामुळे उन्हाळा गायब, नुसता पाऊस. कोंडलेल्या मंडळींना इंग्रज कवी लॉर्ड बायरन म्हणाला, प्रत्येकाने भुताची एकेक गोष्ट लिहायची. अठरा वर्षांच्या मेरीने (पुढची मेरी शेली) 'फ्रँकेन्स्टाइन'ला हात घातला. खुद्द बायरनने थोडी पानं खरडून नाद सोडला. त्याचा पगारी डॉक्टर पोलिदोरी, वय २०, लिहायची हौस दांडगी आणि बायरन त्याची टर उडवणारा. त्याने मालकाने टाकलेलं बीज उचललं आणि 'द व्हॅम्पायर' लिहिली. लोककथांतला रक्तपिपासू म्हणजे खेड्यातलं फुगलेलं मढं. पोलिदोरीने त्याला उमराव केलं. फिकट, थंड, तरी बायका मागे लागतील असा. म्हणजे बायरनच की! हा नोकराने मालकावर काढलेला राग आहे. प्रेमबिम नंतर चिकटलं.

सुमेधा_क:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या उमरावाचं नाव लॉर्ड रुथवेन, ते डॉक्टरांच्या डोक्यातलं नाही. बायरनने झिडकारलेल्या कॅरोलाइन लॅमने त्याच वर्षी मे महिन्यात 'ग्लेनार्व्हन' कादंबरीत त्याचे वाभाडे काढले. तिथला नायक क्लॅरेन्स द रुथवेन, लॉर्ड ग्लेनार्व्हन. म्हणजे या देखण्या राक्षसाला नाव दिलं ते प्रेमभंग झालेल्या बाईने. डॉक्टरांनी ते आयतं उचललं. जळफळाट म्हणा हवं तर, पण त्याच्या तळाशी प्रेमच आहे.

चहाबाज:
ताई, कथा वाचलीत का? नायक ऑब्रीला आवडणारी ग्रीसमधली आयॅन्थी मरते. ऑब्रीच्या बहिणीशी रुथवेन लग्न करतो, तिचंही रक्त पितो. ऑब्रीही जातो आणि हा सुखरूप पसार. यात प्रेम शोधायचं तर भिंग लागेल.

सुमेधा_क:
मी कथेबद्दल नाही, ती कुठून आली त्याबद्दल बोलतेय.

खवचट:
मुळात बीज बायरनचं, नाव कॅरोलाइनचं. मग डॉक्टरांचं काय? पाया बायरनचा हे पोलिदोरीनेच कबूल केलं होतं. उगाच त्याला बिचारा करू नका.

रातकिडा:
बिचारा नाही तर काय? एप्रिल १८१९ मध्ये 'न्यू मंथली मॅगझिन'ने ती छापली, पण बायरनच्या नावावर! बायरनने हात झटकले, पोलिदोरी सांगत सुटला की माझी आहे. ज्याच्यावर सूड उगवायचा, त्याच्याच नावावर सूड खपला. ऑगस्ट १८२१ मध्ये तो गेला, वय २५. पाया कुणाचाही असो, मढ्याला उमराव कुणी केलं ते सांगा.

खवचट:
बरं, उमराव तुमच्या डॉक्टरांचा. बाकी उधारीच.

सुमेधा_क:
मग यावर कादंबरी लिहाल तेव्हा प्रतिस्पर्धी लेखक तीन ठेवा. कॅरोलाइनची कादंबरी निनावी निघाली होती, म्हणून तिला इथेही निनावी करू नका.

चहाबाज:
काही म्हणा, आपली हडळ बरी. पाय उलटे असतात, ओळखू तरी येते.