प्रतिसाद: कोरोल्योव नावाची माणसं आणि ठिकाणं

कोरोल्योव नावाच्या माणसांच्या आणि ठिकाणांच्या यादीत म्हटलंय की मॉस्कोजवळचं कोरोल्योव शहर पहिल्यापासून त्याच नावाचं आहे. तसं नाही. 1996 पर्यंत ते कालिनिनग्राद होतं. बाल्टिक किनाऱ्यावरचं कालिनिनग्राद वेगळं. रशियाचं अंतराळ नियंत्रण केंद्र मॉस्कोजवळच्या या कोरोल्योवमध्येच आहे.

स्पुटनिक (पहिला कृत्रिम उपग्रह) आणि पहिला अंतराळवीर गागारिन याचं उड्डाण ज्यांनी घडवलं, त्या सोव्हिएत रॉकेट-अभियंते सर्गेई कोरोल्योव यांचं नाव 1966 मध्ये ते गेल्यावरच जगाला कळलं. हयातीत श्रेय नाहीच, याची मला फार चुटपुट लागते. आता मंगळावर त्यांच्या नावाचं सुमारे 82 किलोमीटर रुंद विवर आहे, बारा महिने बर्फाने भरलेलं! चंद्राच्या पलीकडच्या बाजूलाही एक आहे.

आडनावबंधूंच्या यादीत जिम्नॅस्ट युरी कोरोल्योवही हवेत. 1981 आणि 1985 चे सर्वांगीण विश्वविजेते.